थांबणे आणि टाळणे

हात मांडीवर ठेवून बसलेली दोन माणसे लांबून सारखीच दिसतात. त्यांतले एक वाट पाहत असते आणि दुसरे टाळाटाळ करीत असते. पहिल्याला आपण धीराचा म्हणतो, दुसऱ्याला भित्रा किंवा आळशी म्हणतो; पण ही नावे आपण बहुधा शेवट कळल्यावर देतो. गोष्ट सुरळीत पार पडली, की म्हणतो, 'बरे झाले, उतावळेपणा केला नाही.' बिघडली, की म्हणतो, 'नुसते पाहत बसले!' मला पडलेला प्रश्न असा, की शेवट कळण्याआधी, ती दोन माणसे तशी बसलेली असतानाच, त्यांच्यातला फरक ओळखण्याची काही खूण आहे की नाही?

बालवाडीत शिकवणाऱ्या बाईला हा प्रश्न वारंवार भेटतो. चार वर्षांचे पोर बोलत नाही. आई काळजीत पडते. आजी म्हणते, 'याचा बापही उशिराच बोलला.' पुष्कळदा आजीचेच खरे ठरते, पण दर वेळी नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, म्हणजे जुन्या भाषेत मी मॅट्रिक. नीतिशास्त्राच्या जाड ग्रंथांत या प्रश्नाचा काय निकाल लावला आहे, मला माहीत नाही. मला तो प्रश्न एका तान्ह्या मुलीच्या पाठीवर उमटलेला दिसला, आणि तिथेच मी तो थोडाफार वाचू शकले. दिवाळीच्या अंकात दुखण्याखुपण्याचे काय काढले, असे कोणी म्हणेल. परंतु या दिवसांत घरोघर तान्ही मुले तेल लावून न्हाऊ घातली जातात, आणि मला सांगायचे आहे त्याची सुरुवात न्हाणीघरातच झालेली आहे.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी गेल्या मार्गशीर्षात माहेरी बाळंत झाली. दिवस भरायच्या पाच आठवडे आधी मुलगी झाली; चणीने एवढीशी, पण रडण्यात खणखणीत. तिसऱ्या आठवड्यात तिच्या कपाळावर, केसांच्या कडेला, एक लाल ठिपका दिसू लागला. मुंगी चावली असेल असे सगळ्यांनी ठरवले. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला एक बाई येत. आठ दिवसांनी पाय पसरून, पायांवर बाळ पालथे घालून तेल जिरवता जिरवता त्या म्हणाल्या, "ताई, मुंगी नव्हं ही. ह्ये बघा, पाठीवर दोन, मांडीला एक, काखेत एक, डोक्यात केसांत दोन. कपाळावरचा धरून सात झाले."

आपल्याकडे अशा वेळी आधी कारण शोधतात, आणि ते नेमके आईच्या वागण्यात सापडते. ग्रहणात काय चिरलेस? डोहाळे कशाचे लागले होते? हा केवळ आपलाच अडाणीपणा असे मात्र समजू नये. फ्रेंच भाषेत जन्मखुणेला जो एक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ इच्छा, वासना, म्हणजे आपला डोहाळाच. जर्मन माणूस तिला 'आईची खूण' म्हणतो. बाळाच्या अंगावर डाग दिसला की सगळ्या जगाने आईकडे बोट दाखवले आहे. वास्तविक आईच्या खाण्यापिण्याचा किंवा ग्रहणाचा याच्याशी कसलाही संबंध नाही.

डॉक्टरीणबाईंनीही ते ठिपके मोजले. न्हाणाऱ्या बाईंचे आणि त्यांचे उत्तर जुळले याची मला मोठी मौज वाटली. मग त्या म्हणाल्या, "पोटाची सोनोग्राफी करून घेऊ." आम्ही एकमेकींकडे पाहिले. डाग कातडीवर, आणि तपासायचे पोट!

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. नंतर मीही जमेल तेवढे वाचले आणि त्यांना पुन्हा विचारून पक्के केले. या ठिपक्याचे नाव हिमॅन्जिओमा. बारीक बारीक रक्तवाहिन्यांची ती अवाजवी वाढ असते. तान्ह्या मुलांना होणाऱ्या गाठींत हीच सर्वांत जास्त आढळते. शंभरांत चार-पाच मुलांना होते. मुलांपेक्षा मुलींना अधिक. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना अधिक. जन्मताना बहुधा काहीच दिसत नाही. पहिल्या काही आठवड्यांत ठिपका उमटतो, तीन ते पाच महिने भराभर वाढतो, मग थबकतो, आणि पुढे काही वर्षे फिका होत होत ओसरतो. ही कर्करोगाची गाठ नव्हे. २००० सालच्या सुमारास एक विलक्षण गोष्ट कळली. या गाठीतल्या रक्तवाहिन्यांवर साखर आत घेणारे एक प्रथिन असते. ते कातडीतल्या साध्या रक्तवाहिन्यांवर नसते, पण वारेतल्या रक्तवाहिन्यांवर असते. वारही अशीच ठरलेल्या मुदतीत झपाट्याने वाढते आणि काम संपले की पडून जाते. गाठ वारेपासूनच येते असे कोणी सिद्ध केलेले नाही. तरी, पाहुणी म्हणून आलेली आणि आपली जाण्याची वेळ बरोबर घेऊन आलेली अशी ही वाढ मला मोठी अद्भुत वाटते.

अंगावर असे ठिपके पाच किंवा त्याहून जास्त असले, तर तसेच ठिपके आत, विशेषतः यकृतात, असण्याचा संभव वाढतो. म्हणून मोजायचे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यातही पाच हाच आकडा आहे. आता यकृतातली गाठही एका जातीची नसते. कधी ती एकच आणि मोठी असते. जन्मतःच पूर्ण वाढलेली, कधी तर आईच्या पोटात असतानाच सोनोग्राफीत दिसलेली. ती बहुतेक पहिल्या वर्ष-सव्वा वर्षात आपोआप आटते. मात्र एकटी गाठ खरोखर हीच आहे, यकृताचा कर्करोग नव्हे, याची खात्री आधी करून घ्यावी लागते. कधी निरोगी यकृतात इकडे तिकडे विखुरलेले ठिपके असतात. हे पुष्कळदा काही त्रास देत नाहीत. आणि कधी, सुदैवाने क्वचितच, सबंध यकृत गाठींनी भरून जाते. मग पोट तट्ट फुगते, फुप्फुसांना जागा उरत नाही. गाठींतून रक्त धमन्यांकडून थेट शिरांत धावू लागते. उसाच्या चारीला भगदाड पडले, की मोटार रात्रभर चालवूनही शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. तसे हृदय जास्त जास्त रक्त ढकलीत राहते आणि अखेर थकते. आपल्या भाषेत काळीज हा शब्द यकृतालाही चालतो आणि हृदयालाही. या एका दुखण्यात तरी भाषेने केलेला तो घोटाळा शहाणपणाचा ठरतो.

आणखी एक गोष्ट २००० साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी उजेडात आणली. या गाठी थायरॉइडचा रस नासवणारे एक द्रव्य तयार करतात. गाठी पुष्कळ असल्या, तर बाळाची ग्रंथी चांगली असूनही रस पुरा पडत नाही. आणि तो कमी पडला तर मेंदूची वाढ खुंटते. बाहेरून पाहणाऱ्याला बाळ फक्त शांत वाटते. 'किती गुणी पोर, रडतसुद्धा नाही!' असे आपण म्हणतो ना? असो.

सोनोग्राफी या शब्दाला आपल्याकडे एक वाईट वास चिकटला आहे. ज्या यंत्राने मुलगी आहे हे आधी कळते म्हणून १९९४ साली कायदा करावा लागला, त्याच यंत्राखाली आमची मुलगी पाय झाडीत पडली होती, आणि चार माणसे तिच्या जगण्यासाठी पडद्याकडे डोळे लावून उभी होती. यंत्राला बिचाऱ्याला काय ठाऊक!

यकृतात तीन ठिपके निघाले. लहान, विखुरलेले. थायरॉइडचे रक्त तपासले, ते ठीक आले. हृदयावर ताण नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सध्या औषध द्यायचं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी, मग महिन्याने. तोवर लक्ष ठेवायचं."

भाऊजींनी सगळा जन्म बँकेत काढला आहे. त्यांनी सरळ विचारले, "डॉक्टर, औषध द्यायचंच नव्हतं, तर शोधून काढलंत कशाला? न कळतं तर आम्ही सुखात असतो."

हा प्रश्न मला मूर्खपणाचा वाटला नाही, आजही वाटत नाही. ज्ञानाचा उपयोग कृतीसाठी. कृती करायचीच नसेल तर ज्ञान म्हणजे निव्वळ ओझे, असे पुष्कळ शहाण्या माणसांना वाटते. यात एक गृहीत धरलेले आहे: थांबणे ही कृती नव्हे. तेच मला पटत नाही.

माणसाला काहीतरी करण्याची केवढी ओढ असते, आणि ती किती महाग पडते, याची साक्ष याच दुखण्याच्या इतिहासात आहे. कातडीवरच्या या लाल गाठी हात न लावता सोडून दिल्या तर आपोआप नाहीशा होतात, हे विल्यम लिस्टर या इंग्रज डॉक्टराने मुलांना वर्षानुवर्षे पाहून १९३८ सालीच लिहून ठेवले होते. आणि स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या नामांकित रुग्णालयात, १९२० पासून १९५९ पर्यंत याच गाठींवर तान्ह्या मुलांना रेडियमचे किरण देण्यात येत होते. गोथेनबर्ग शहरातही तेच चालले होते. हजारो मुलांना दिले. गाठी गेल्या; त्या जाणारच होत्या. पुढे कित्येक दशकांनी, त्या मुली मोठ्या झाल्यावर, त्यांच्यात स्तनाच्या आणि थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. हे त्याच स्वीडिश डॉक्टरांनी जुनी दफ्तरे जपून, माणसे शोधून, हिशेब मांडून प्रसिद्ध केले, याबद्दल त्यांचा मला फार आदर वाटतो. पण त्या मुलींना किरण दिले ते कोणी दुष्ट माणसांनी नव्हे. गालावर लाल गाठ घेऊन आलेल्या मुलीच्या आईला 'घरी जा आणि पाहत राहा' असे सांगणे कोणत्याही भल्या माणसाला जड जाते.

आपल्याकडे मेळघाटात तान्ह्या मुलाचे पोट फुगले, की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात. तिकडे त्याला डंबा म्हणतात. २०२५ सालीही अशी बातमी वृत्तपत्रांत होती. ती वाचून आपण शहरातली माणसे शहारतो आणि त्या आईबापांना रानटी म्हणून मोकळे होतो. मला ते इतके सोपे वाटत नाही. मूल कळवळत असताना, दवाखाना डोंगरापलीकडे असताना, हात मांडीवर ठेवून बसणे ज्यांना असह्य झाले, अशी ती माणसे आहेत. चटका बाळाला बसतो. पण उपचार खरोखर होतो तो पाहणाऱ्यांच्या अस्वस्थपणावर. स्टॉकहोमच्या स्वच्छ पांढऱ्या खोलीतले रेडियम आणि मेळघाटातला विळा यांत विद्येचे अंतर मोठे आहे, मन मात्र एकाच जातीचे दिसते. म्हणून मी स्वतःला विचारू लागले आहे, की हे जे मी करायला निघाले आहे, ते नेमके कोणाला बरे वाटावे म्हणून?

परंतु एवढ्यावरून थांबण्याचीच पूजा बांधायला मी तयार नाही. यकृत गाठींनी भरलेल्या मुलांच्या बाबतीत जे थांबले, त्यांनी मुले गमावली. आणि जे थांबले नाहीत त्यांच्या हाती तरी काय होते? १९६० नंतर स्टिरॉइड आले. त्याने कधी गुण यायचा, कधी नाही, आणि बाळाचा चेहरा मात्र सुजून गोल व्हायचा. कोणी यकृताची धमनी बांधून टाकी. पुढे इंटरफेरॉन नावाचे औषध आले, तर त्याने काही मुलांचे पाय कायमचे ताठरले. अगदीच निरुपाय झाला तर यकृत बदलणे.

मग २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरी घडलेली एक गोष्ट जगापुढे आली. एका बाळाच्या नाकावर मोठा हिमॅन्जिओमा होता. स्टिरॉइड चालू होते, आणि त्या अवधीत त्याच्या हृदयाचा स्नायू जाड होऊ लागला. हृदयासाठी म्हणून त्याला प्रोप्रॅनोलॉल दिले. हे औषध जुनेच. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हृदयरोग्यांसाठी शोधलेले, आणि १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यातले एक कारण. दुसऱ्या दिवशी ती लालभडक गाठ जांभळट दिसू लागली आणि हाताला मऊ लागली. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ या त्वचारोगतज्ज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी यांनी आणखी मुलांना, आईबापांच्या संमतीने, ते देऊन पाहिले आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छोटेसे पत्र प्रसिद्ध केले. पुढे ४६० मुलांवर नीट परीक्षा झाली. २०१५ साली तिचा निकाल आला. सहा महिने औषध घेतलेल्यांत शंभरांतल्या साठ जणांची कातडीवरची गाठ जवळजवळ पूर्ण गेली. नुसते गोड पाणी घेतलेल्यांत चौघांची. यकृतातल्या, विखुरलेल्या आणि भरून टाकणाऱ्या, दोन्ही जातींना आता उपचार करायचा झाल्यास हेच पहिले औषध आहे. (रक्तदाबाची किंवा अर्धशिशीची म्हणून हीच गोळी पुष्कळ घरांतल्या डब्यात असते. तिचा तुकडा बाळाला देण्याचा विचारही कोणी मनात आणू नये. उपाशीपोटी दिले तर बाळाची साखर एकदम उतरते, नाडी मंदावते. मात्रा वजनावर आणि देखरेखीखाली.)

लोक याला योगायोग म्हणतात. योगायोग खराच. पण त्या नाकाकडे दुसऱ्या दिवशी कोणीतरी पाहिले, आदल्या दिवशीचा रंग लक्षात ठेवून पाहिले, हा योगायोग नव्हता.

तर भाऊजींच्या प्रश्नाला डॉक्टरीणबाईंनी जे उत्तर दिले, त्यात मला माझ्याही प्रश्नाचे उत्तर मिळाले असे वाटते. त्या म्हणाल्या, "मी तुम्हांला तारीख दिली आहे. त्या तारखेआधी काय दिसलं तर धावत यायचं, तेही सांगते." आणि सांगितले: पिताना धाप लागली, कपाळाला घाम आला, पोट घट्ट, तकतकीत दिसू लागले, वजन वाढेना, डोळे पिवळे झाले, किंवा बाळ फारच झोपाळू, थंड वाटू लागले. जो थांबला आहे त्याला आपण कशासाठी, कुठवर आणि काय दिसेपर्यंत थांबलो आहोत हे सांगता येते. जो टाळतो आहे त्याला हे विचारले तर तो रागावतो. बालवाडीतल्या त्या न बोलणाऱ्या मुलाच्या आजीला मी पूर्वी काही म्हणत नसे, हल्ली विचारते, "आजी, कोणत्या महिन्यापर्यंत वाट पाहायची ते ठरवू या का?"

येथपर्यंत सारे सरळ होते. अवघड झाले ते परतताना रिक्षात. भाचीला त्या दिवशी दूध साकळून ताप होता, म्हणून ती घरीच होती. जावई नोकरीच्या गावी. ताई म्हणाली, "तिला यातलं काही सांगायचं नाही. सगळं छान आहे म्हणायचं. ओल्या बाळंतिणीला असलं ऐकवलं तर दूध आटतं."

मी म्हटले, "ताई, पिताना धाप लागते का हे पाहणार कोण? पाजतं कोण?"

"मी बसेन शेजारी."

"रात्री तीन वाजता?"

ताई बोलली नाही. तिचे म्हणणे मायेचे होते, यात मला शंका नाही. आणि पिढ्यानुपिढ्या घरांतून ही माया अशीच वागत आली आहे. परंतु थांबणे हे जर पाहण्याने बनलेले असेल, तर जिने पाहायचे तिच्यापासूनच ते लपवून कसे चालेल? मग आम्ही सगळे थांबलेले राहू, आणि ती मात्र अंधारात ठेवलेली. मी हे रिक्षात इतके नीट बोलले नसेन. घरी पोचल्यावर भाचीने आमची तोंडे पाहिली आणि फोन उचलून थेट डॉक्टरीणबाईंना लावला. त्यांनी तिला सगळे सांगितले, अर्धा तास. ताई स्वयंपाकघरात भांडी आपटीत राहिली.

ताईचेही खरे ठरले, हे सांगितले पाहिजे. भाची नंतर तीन महिने धड झोपली नाही. पाजताना ती बाळाच्या चेहऱ्याकडे न पाहता छातीकडे पाही, श्वास मोजी. अंगाई म्हणता म्हणता मध्येच थांबून पोट चाचपी. पहिलटकरणीच्या त्या दिवसांत जो एक निर्धास्तपणा असायला हवा, तो तिला मिळाला नाही आणि आता मिळणारही नाही. दूधही चार दिवस खरोखर कमी झाले होते. कळण्याची किंमत पडते. आणि ती भाऊजींनी नाही, मी नाही, तिने एकटीने दिली.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखांभोवती लाल शाईची वर्तुळे वाढत गेली. दुसऱ्या सोनोग्राफीत ठिपके किंचित वाढलेले होते. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. तिसऱ्यात तेवढेच. अंगावरचा काखेतला ठिपका पावसाळ्यात राखी रंगाचा झाला. गेल्या महिन्यात पुन्हा पाहिले, तेव्हा तिसरा ठिपका सापडलाच नाही आणि दोन बारीक झाले आहेत.

ताई आता म्हणते, "बघ, शेवटी काही झालं नाहीच. पोरीची झोप मात्र फुकट गेली." भाचीला हे पटत नाही. ती म्हणते, "मावशी, झोप गेली ती गेलीच. पण तुम्ही सगळ्या जाग्या आणि मी एकटीच झोपलेली, असं मला मागाहून कळलं असतं, तर?" दोघी माझ्याकडे पाहतात. मी बाळाला मांडीवर घेऊन केसांतले दोन ठिपके शोधू लागते. ते अजून आहेत, पण केस वाढल्यामुळे चटकन दिसत नाहीत. पुढची तारीख संक्रांतीनंतरची आहे.